झटपट मेथी : झाकण नको, लिंबू शेवटी

इंदूरचे पोलोग्राउंड हा औद्योगिक परिसर आहे. मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालयही याच भागात आहे. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या अशा कामकरी वस्तीत सकाळच्या डब्यातून सर्वप्रथम वगळली जाते ती पालेभाजी. निवडायला वेळ लागतो, शिजल्यावर ती काळवंडते आणि दुपारपर्यंत तिला पाणी सुटते, अशी तक्रार असते. गोव्यातील नोकरदार घरांतही चित्र फारसे वेगळे नाही. वास्तविक, चुलीवर या भाजीला पाच-सहा मिनिटे पुरेशी असतात.

होळकरांच्या राजवटीपासून इंदुरात मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. माळव्याच्या हिवाळ्यात मेथी मुबलक मिळते. ती लसणाच्या फोडणीत परतून वर दाण्याचे कूट घालणे, ही अगदी साधी पद्धत.

चार जणांसाठी निवडलेली पाव किलो मेथी, दोन चमचे तेल, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, दोन चमचे दाण्याचे कूट, मीठ आणि अर्धे लिंबू एवढे साहित्य पुरते. मेथी आदल्या रात्री निवडून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवल्यास सकाळची घाई टळते. पाने चिरण्यापूर्वी मोठ्या भांड्यात तीन पाण्यांतून धुवावीत. चिरल्यानंतर धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. पाने पाण्यातून वर उचलून घ्यावीत, म्हणजे माती तळाशी राहते.

कढईत तेल तापवून ठेचलेला लसूण बदामी होऊ द्यावा, मिरची घालावी आणि लगेच मेथी टाकावी. आच मोठी ठेवून तीन-चार मिनिटे परतावे. पाणी घालू नये, झाकणही ठेवू नये. पाने आळली की मीठ आणि कूट घालून मिनिटभर परतून गॅस बंद करावा.

झाकण न ठेवण्यामागे कारण आहे. पानांचा हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. उष्णतेने पानांतील आम्ले मोकळी होतात व मॅग्नेशियमची जागा हायड्रोजन घेतो. मग रंग मळकट शेवाळी दिसू लागतो. भांडे उघडे असल्यास काही आम्ले वाफेबरोबर निघून जातात. चिमूटभर सोड्यानेही रंग टिकतो, परंतु पाने लिबलिबीत होतात आणि जीवनसत्त्व ‘क’ व थायमिन नष्ट होतात. तो मार्ग टाळावा. मीठ शेवटी घालण्याचे कारणही असेच व्यवहारी आहे. टोपलीभर पाने शिजून वाटीभर होतात, त्यामुळे आधी घातलेल्या मिठाचा अंदाज चुकतो.

लिंबू मात्र कढईत पिळू नये. त्याच्या आम्लाने रंग उतरतो आणि उष्णतेने जीवनसत्त्व ‘क’ घटते. ते ताटात, घासापूर्वी पिळावे. हेच जीवनसत्त्व पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते. जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमके उलट करतो. म्हणून दोहोंत किमान तासाभराचे अंतर असावे.

हा तपशील क्षुल्लक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. केवळ पालेभाजीने तो बरा होत नाही, त्यासाठी वैद्यकीय उपचारच हवेत. परंतु रोजच्या ताटातील लोह वाया जाऊ न देणे प्रत्येक घराच्या हाती आहे.

गोव्यात दाण्याच्या कुटाऐवजी ओले खोबरे घालून हीच कृती करता येईल. तांबड्या भाजीलाही ती लागू पडते. तिचा लाल रंग पाण्यात सहज उतरतो, म्हणून ती उकडून पिळू नये, स्वतःच्याच ओलाव्यात परतावी. डब्यात भरण्यापूर्वी भाजी ताटात पसरून निववावी आणि लिंबाची फोड वेगळी द्यावी. असे केल्यास दुपारीही भाजी हिरवी व मोकळी राहते.