चार इंजिनं, आठ पंखे!

एखाद्या विमानाला चार इंजिनं असतील, तर पंखे किती असतील? चार, असंच म्हणाल ना? पण आपल्या नौदलाकडे एक भलंमोठं विमान होतं. त्याला इंजिनं होती चार आणि पंखे होते आठ! त्याचं नाव टीयू-142.

या विमानाची गोष्ट सुरू होते सोव्हिएत संघात. तिथे आंद्रेई तुपोलेव नावाचे मोठे विमानरचनाकार होते. 1950च्या सुमारास त्यांच्यापुढे एक अवघड काम आलं. वेगाने उडेल आणि वाटेत न थांबता हजारो किलोमीटर जाईल, असं लष्करी विमान त्यांना बनवायचं होतं. त्या काळची जेट इंजिनं वेगवान होती, पण इंधन फार प्यायची. पंख्याची इंजिनं कमी इंधनात दूर न्यायची, पण त्यांचा वेग कमी पडायचा. मग करायचं काय?

तुपोलेव यांनी पंखेच निवडले, पण विमानाच्या पंखांची ठेवण बदलून टाकली! म्हणजे असं, की विमानाचे पंख जेट विमानासारखे मागे झुकवले. आणि त्यांवर बसवली चार दांडगी टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारी, इंजिनं. एकेका इंजिनाची ताकद होती जवळजवळ 15,000 अश्वशक्ती!

आता एवढी ताकद एकाच पंख्याला द्यायची, तर तो पंखा अवाढव्य मोठा करावा लागला असता. मग तो जमिनीला घासू नये म्हणून चाकांचे पायही फार उंच करावे लागले असते. म्हणून प्रत्येक इंजिनाला एकामागे एक असे दोन पंखे लावले. पुढचा ज्या दिशेला फिरतो, त्याच्या बरोबर उलट दिशेला मागचा!

उलट का बरं? बादलीतल्या पाण्यात हात गरागरा फिरवला की पाणीही गोल फिरू लागतं. पुढचा पंखा हवेचं तसंच करतो. हवा मागे तर जातेच, पण गोल फिरण्यात थोडी ताकद फुकट जाते. मागचा पंखा उलटा फिरून ती गिरकी सरळ करतो आणि तीच हवा विमानाला पुढे ढकलायला वापरतो. शिवाय पंखा एका बाजूला फिरला की विमानाला दुसऱ्या बाजूला पीळ बसतो. दोन उलट पंख्यांमुळे हे दोन्ही पीळ एकमेकांना रद्द करतात. एका युक्तीत किती प्रश्न सुटले, बघा!

या रचनेचं पहिलं विमान, टीयू-95, 1952 मध्ये उडालं. त्यातूनच पुढे समुद्रावर टेहळणी करणारं टीयू-142 तयार झालं. जास्तीत जास्त वेग किती? ताशी 900 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या प्रवासी जेट विमानांइतका! वेगात असताना पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त वेगाने हवा कापतात. म्हणूनच या विमानाचा आवाज प्रचंड असतो.

लांबी सुमारे 53 मीटर, पंखांचा विस्तार सुमारे 50 मीटर आणि इंधन भरून वजन 185 टनांपर्यंत. एवढ्या मोठ्या विमानाचं काम मात्र फार नाजूक होतं: खोल पाण्यात लपलेल्या पाणबुड्या शोधायच्या. त्यासाठी ते समुद्रात 'सोनोबॉय' नावाची यंत्रं टाकायचं. ही यंत्रं पाण्याखालचे आवाज ऐकतात आणि रेडिओवरून विमानाला कळवतात. आवाज हवेपेक्षा पाण्यात चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि दूरपर्यंत पोहोचतो, म्हणून ही युक्ती छान चालते.

भारतात ही विमानं आली 1988 मध्ये, आणि तीही महाराष्ट्राच्या शेजारच्या गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर. त्यांच्या तुकडीचं नाव होतं 'अल्बाट्रॉस'. समुद्रावर दूरदूर उडणाऱ्या पक्ष्याचं नाव. 1992 मध्ये ही तुकडी तमिळनाडूतल्या अरक्कोणमला गेली. 2017च्या मार्चमध्ये नौदलाने या विमानांना निरोप दिला. आता ते काम पी-8आय ही जेट विमानं करतात.

पण टीयू-142 तुम्हाला आजही पाहता येतं. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्याजवळ त्याचं संग्रहालय केलं आहे. कधी तिकडे गेलात, तर एका इंजिनासमोर उभे राहा आणि पुढच्या व मागच्या पंख्याची पाती नीट बघा. त्यांचा तिरपेपणा एकमेकांच्या उलट आहे. हे दोन पंखे उलट दिशांना का फिरतात, ते सोबतच्या मोठ्यांना तुम्हीच समजावून सांगा!