बारा मार्च, दुपारचे बारा

एखाद्याचे बारा वाजले म्हटलं, की त्याचं काही खरं नाही, असं आपण मराठीत समजतो. मॉरिशस हा देश मात्र जन्मला तोच बाराच्या ठोक्याला, भर दुपारी. १२ मार्च १९६८ रोजी राजधानी पोर्ट लुईमधल्या शाँ द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला आणि लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या आडव्या पट्ट्यांचा झेंडा वर चढला. आपलं स्वातंत्र्य मध्यरात्री आलं, त्यांचं टळटळीत उन्हात. गंमत अशी, की त्या दिवशी बेटावरच्या कितीतरी लोकांना मनापासून वाटत होतं, आता आपले बारा वाजले!

त्यांच्या भीतीला कारणं होती. या बेटावर मूळचं असं कुणीच नाही. आधी डच आले, मग १७१५ मध्ये फ्रेंच आणि १८१० मध्ये इंग्रज. मळ्यांवर राबायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तोवर मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला होता. १८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय गिरमिटिया मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. तोच आजचा 'आप्रवासी घाट', युनेस्कोच्या जागतिक वारसायादीतलं ठिकाण. बिहारी, तमिळ, तेलुगू मजुरांबरोबर मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली माणसंही त्यांत होती.

स्वातंत्र्याची वेळ आली तेव्हा बहुसंख्य होते ते या मजुरांचे वंशज. बाकीच्यांना धास्ती वाटली, की इंग्रज गेले तर आपलं काय होणार? ऑगस्ट १९६७ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. शिवसागर रामगुलाम यांच्या स्वातंत्र्यवादी आघाडीने ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या खऱ्या, पण सुमारे ४४ टक्के मतं गाएतां द्युवाल यांच्या विरोधी पक्षाला पडली. अनेक कुटुंबांनी सामान बांधून ऑस्ट्रेलिया गाठला. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली पेटल्या आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. समारंभाला राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, तो दौरा रद्द झाला. शेवटी सोहळा पार पडला तो राजकन्येविना आणि धाकधुकीत.

त्यासाठी १२ मार्च हीच तारीख का? १९३० मध्ये याच दिवशी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले होते. त्या यात्रेच्या आठवणीसाठी रामगुलाम यांनी हा दिवस निवडला, असं सांगितलं जातं. गांधीजींचा मॉरिशसशी संबंध त्याहून जुना. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना त्यांचं जहाज इथे थांबलं आणि तीनेक आठवडे ते बेटावर राहिले. मुलांना शिकवा, राजकारणात लक्ष घाला, असं त्यांनी इथल्या भारतीयांना सांगितलं. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर इथे आले आणि मजुरांचे खटले लढले.

स्वतंत्र झाल्यावरही चोवीस वर्षं या देशाची राष्ट्रप्रमुख इंग्लंडची राणीच होती. १९९२ मध्ये मॉरिशस प्रजासत्ताक झाला, तेव्हा तारीख पुन्हा १२ मार्चच धरली. आपण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी वेगवेगळे पाळतो, त्यांनी दोन्ही एकाच दिवसात बसवले.

दिवस जवळ आला, की गच्च्यांवर, दुकानांवर, गाड्यांवर चौरंगी झेंडे दिसू लागतात. शाळांमध्ये ध्वजवंदन होतं, पंतप्रधानांचा संदेश वाचला जातो आणि मुलांच्या हाती केक आणि सरबत पडतं. मुख्य सोहळा शाँ द मार्सवरच होतो. एरवी हे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, तेही १८१२ पासूनचं. या देशाला स्वतंत्र सैन्य नाही, त्यामुळे संचलन करतात ते पोलीस आणि त्यांचं विशेष दल. अनेकदा भारतीय नौदलाची तुकडीही असते. २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आणि २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी प्रमुख पाहुणे होते. मग सेगा नृत्य, भारतीय आणि चिनी नाच, शेवटी आतषबाजी.

मॉरिशसच्या सुट्ट्यांची यादी पाहिली, की या दिवसाचं महत्त्व कळतं. महाशिवरात्र, थैपूसम, ईद, नाताळ, चिनी नववर्ष, सगळ्यांना सुट्टी. गणेश चतुर्थीलासुद्धा! कोकणातून गेलेल्यांनी गणपती जपला, आपलं जाखडी नृत्य 'झाकरी' या नावाने जपलं, मुलांना शाळेत मराठी शिकवली. गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी आणि मजूर उतरल्याचा २ नोव्हेंबर, याही सुट्ट्याच. पण यातला जवळजवळ प्रत्येक दिवस कुणाच्या तरी घरचा आहे. बारा मार्च कुणाच्याच घरचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा. त्यांचं राष्ट्रगीतही असंच. क्रिओल, भोजपुरी, फ्रेंच बोलणाऱ्या या देशाने ते इंग्रजीत ठेवलं. शब्द जाँ-जॉर्ज प्रॉस्पेर यांचे, चाल फिलिप जाँती यांची.

आणि ते ४४ टक्के? १९६९ मध्येच द्युवाल रामगुलाम यांच्या सरकारात सामील झाले आणि परराष्ट्रमंत्री झाले. ज्याला हा देश व्हायलाच नको होता, तोच जगापुढे त्याची बाजू मांडू लागला. एका उसावर जगणाऱ्या बेटाने पुढे कापडगिरण्या उभारल्या, पर्यटक आणले. सल मात्र एक राहिलाच. १९६५ मध्ये ब्रिटनने तोडून घेतलेल्या चागोस बेटांचा प्रश्न साठ वर्षं लोंबकळला. ती मॉरिशसच्या स्वाधीन करण्याच्या करारावर सह्या झाल्या त्या मे २०२५ मध्ये.

हल्ली मुख्य सोहळा ऊन उतरल्यावर, संध्याकाळी असतो. दुपारी बारा वाजता लोक सुट्टीच्या जेवणात किंवा समुद्रावर असतात. घड्याळाकडे पाहून आज कुणाच्या पोटात गोळा येत नाही.