तोंडी परीक्षेचीही नोंद हवी!

उन्हाळी सत्र संपत आले की सातारा आणि सांगलीतील महाविद्यालयांबाहेरची झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे प्रोजेक्ट रिपोर्ट तिथे छापले जातात, बांधले जातात. त्यानंतर येते ती तोंडी परीक्षा. टेबलाच्या पलीकडे गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले परीक्षक, तर अलीकडे एकटा विद्यार्थी. दहा-पंधरा मिनिटांत वर्षभराच्या कामाचे गुण ठरतात. आपल्या समाजातील कितीतरी घरांतून या टेबलासमोर उभी राहणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. आईवडिलांना परीक्षा म्हणजे लेखी पेपर एवढेच ठाऊक. त्यामुळे या दहा-पंधरा मिनिटांविषयी घरात कोणी बोलत नाही आणि चळवळीच्या व्यासपीठावरही बोलले जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयाचा धडा शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. याच विद्यार्थ्याने ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला डी.एस्सी.साठी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर त्यात सडेतोड टीका होती. परीक्षकांनी आक्षेप घेतला आणि प्रबंध पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतले होते. तिथूनच त्यांनी प्रबंध नव्याने लिहून ऑगस्टमध्ये पाठवला. मांडणी बदलली, पण निष्कर्ष बदलले नाहीत, असे चरित्रकार नोंदवतात. त्याच वर्षी प्रबंध मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी. ग्रंथातील अनेक मुद्द्यांशी आपण सहमत नाही हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आणि तरीही शिष्याच्या नव्या विचाराचे कौतुक केले. पुढे १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनसमोर साक्ष देताना बाबासाहेबांनी याच विषयावरील प्रश्नांना उत्तरे दिली.

यात आजच्या विद्यार्थ्याने घ्यायचे ते काय? परीक्षकाचा आक्षेप म्हणजे अपमान नव्हे. मांडणीतील दोष दाखवला तर तो दुरुस्त करावा. मात्र पुराव्याने सिद्ध केलेले म्हणणे टेबलापलीकडची खुर्ची मोठी आहे म्हणून सोडू नये. पण हे कोणाला जमेल? ज्याने काम स्वतः केले आहे त्यालाच!

आणि इथे आधी आपल्याच घरात डोकावले पाहिजे. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात आणि आपली मुलेही ते घेतात. पदरचे हजार-दोन हजार रुपये मोडून दुसऱ्याने लिहिलेला रिपोर्ट आणायचा आणि पहिल्याच प्रश्नाला मान खाली घालायची! मग परीक्षकाच्या मनात आधीपासून जो पूर्वग्रह असेल त्याला आपणच पुरावा पुरवतो. खरे म्हणजे आपल्या मुलांकडे विषयांची वाण नाही. जतच्या वस्तीवर टँकर किती दिवसांनी येतो, ऊसतोड कुटुंबातील मुलांची शाळा कुठे सुटते, २०१९ च्या महापुरात सांगलीतील कोणत्या वस्त्या आधी पाण्याखाली गेल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. हे काम वहीत तारीखवार नोंदवून मांडले तर कोणताही परीक्षक त्यांना सहज गप्प करू शकणार नाही.

आता टेबलाच्या पलीकडे पाहू. सगळे प्राध्यापक दोषी आहेत असे मला म्हणायचे नाही. आपल्या मुलांना हाताशी धरून पुढे नेणारे शिक्षकही याच जिल्ह्यांत आहेत. प्रश्न पद्धतीचा आहे. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सविषयी अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतील मूल्यमापनात अन्याय होत असल्याचे त्या समितीसमोर सांगितले होते. देशातील सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेत ही तक्रार होती, तर तालुक्याच्या महाविद्यालयात काय होत असेल?

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न फार पूर्वीच आला होता. अजय हसिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकायची आणि विचारायचे काय, तर वडील कोण, राहता कुठे! १९८० साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकूण गुणांपैकी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखत ध्वनिमुद्रित करणे इष्ट असल्याचे सांगितले. तो निर्णय प्रवेशाच्या मुलाखतीविषयी होता, त्यामुळे त्यातील टक्केवारी पदवीच्या तोंडी परीक्षेला जशीच्या तशी लावता येत नाही. पण त्यामागचे तत्त्व तेच आहे.

२०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात याच न्यायालयाने आणखी एक दार उघडले. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला माहिती अधिकारात पाहता येते, असा निर्णय दिला. पण तोंडी परीक्षेची उत्तरपत्रिका कुठे आहे? प्रश्न हवेत विरतो, उत्तरही हवेत विरते आणि कागदावर उरतो फक्त एक आकडा. वकिली करताना एवढे कळले आहे की ज्याची नोंद नाही ते सिद्ध करताना गरिबाचीच दमछाक होते.

हे आजच बोलण्याचे कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प आणि संशोधन प्रकल्पाचे वजन वाढले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तरच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा मार्ग खुला होतो. तोंडी परीक्षेतले चार गुण कमी पडले आणि ७५ चे ७४ झाले, तर तो मार्ग बंद होतो. चार गुण का गेले, हे विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नको काय?

म्हणून विद्यापीठांकडे काही साध्या मागण्या करायला हव्यात. गुण कोणत्या निकषावर किती, हे आधी लिहून जाहीर करावे. विचारलेले प्रश्न आणि निकषवार गुण यांचा तक्ता परीक्षकांच्या सहीने जपून ठेवावा. शक्य तिथे ध्वनिमुद्रण करावे. आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय यांवर प्रश्न नकोत. आणि मराठीत उत्तर देण्याची मुभा असावी. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी स्थानिक भाषेत पेपर लिहू द्यावा, असे आयोगाने २०२३ सालीच विद्यापीठांना कळवले आहे. लेखी परीक्षेला जे चालते ते तोंडीला का चालू नये?

अन्याय झालाच तर मार्ग आहे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्यात अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील किमान एक व्यक्ती असावी लागते. समितीचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. मात्र फेरतपासणीच्या तक्रारीत निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभावाची नेमकी घटना दाखवावी लागते, नुसते “कमी गुण दिले” चालत नाही. म्हणून तोंडी परीक्षा झाली की त्याच दिवशी वेळ, समोर कोण होते, काय विचारले, आपण काय उत्तर दिले, हे लिहून तारीख घालून ठेवा. त्याच दिवशी लिहिलेल्या कागदाला पुढे वजन असते.

चळवळीतील कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या विहारांत परीक्षेआधीचे दोन रविवार मुलांसाठी द्या. निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकेतील अधिकारी आपल्याच वस्तीत आहेत. त्यांना टेबलापलीकडे बसवा, मुलांना उभे करा आणि कठीण प्रश्न विचारू द्या. जयंतीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. साताऱ्याच्या शाळेतला विद्यार्थी लंडनच्या परीक्षकांना पुरून उरला, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. यंदा ते सांगताना समोर बसलेल्या मुलामुलींना एवढेच विचारा, तुझा प्रोजेक्ट कशावर आहे? आणि ते उत्तर देऊ लागले की मध्येच तोडू नका.

जयभीम!