जुन्या गाडीचा फॅन लागत नाही? पार्ट बदलण्याआधी करंट कुठे अडलाय ते पाहा

एप्रिल-मे महिन्यात पसरणी घाटात किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी गाडी दिसतेच. गॅरेजवर येणारी तक्रारही ठरलेली असते: ‘मोकळ्या रस्त्याला गाडी एकदम गार, बाजारात नाहीतर घाटात अडकली की काटा वर.’

या एका वाक्यातच अर्धं निदान आहे. गाडी वेगात असते तेव्हा समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो. गाडी हळू झाली किंवा थांबली की ते काम इलेक्ट्रिक फॅनला करावं लागतं. त्यामुळे फक्त थांबल्यावर गाडी तापत असेल तर पहिला संशय फॅनवर घ्यावा. वेगात असतानाही तापत असेल तर कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि चोक झालेला रेडिएटर आधी तपासावा.

फॅन लागतो कसा?

१९८३ मध्ये आलेली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८०० आजही गावोगावी दिसते. अशा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये फॅनची वायरिंग साधी असते. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून फॅनची मोटर आणि मोटरमधून बॉडीला अर्थिंग. या वाटेवर एक थर्मो स्विच असतो. कूलंट साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान तापलं की तो आतून जोडला जातो आणि फॅन सुरू होतो. थंड झालं की सुटतो. काही गाड्यांत स्विच आणि मोटरच्या मध्ये रिलेही असतो. या साखळीतली एक कडी तुटली तरी फॅन बंद. म्हणून कड्या एकेक करून तपासायच्या.

तपासणी अशी करा

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक फिरू शकतो. त्यामुळे पात्यांजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पातं बोटाने फिरवून पाहा. अडकत असेल तर दोष मोटरमध्येच आहे. मोकळं फिरत असेल तर केबल पुन्हा जोडा आणि पुढे चला.

*फ्यूज :* नुसता डोळ्यांनी पाहू नका. चावी चालू करून टेस्ट लॅम्प फ्यूजच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला दिवा लागला तर फ्यूज उडालाय किंवा होल्डर गंजलाय. नवा फ्यूज लगेच उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम होतेय. फ्यूजच्या जागी तार घालणं म्हणजे वायरिंग पेटायला आमंत्रण.

*मोटर :* फॅनचा कनेक्टर काढा आणि फ्यूज असलेल्या वायरने बॅटरीचा करंट थेट मोटरला द्या. फिरली तर मोटर ठीक. नाही फिरली तर बहुतेक वेळा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात.

*थर्मो स्विच :* दोन वायरींचा स्विच असेल तर त्याचा कनेक्टर काढून त्या दोन वायरी क्षणभर जोडा, चावी चालू ठेवा. एकच वायर असेल तर ती इंजिनच्या धातूला टेकवा. फॅन लागला तर वायरिंग बरोबर आहे, दोष स्विचकडे. पण लगेच नवा स्विच आणू नका. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर स्विचला पाणी लागतच नाही. इंजिन तापतं, पण स्विचला ते कळत नाही. काट्याचा सेन्सर आणि फॅनचा स्विच हे वेगवेगळे असतात, तेवढा गोंधळ टाळा. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांवर ही वायर जोडण्याची पद्धत वापरू नका.

*रिले :* ‘टक’ आवाज येतो, पण फॅन फिरत नाही, तर रिलेचे आतले पॉइंट जळालेले असू शकतात. तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून खात्री करा.

*अर्थिंग :* जुन्या गाडीत सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. फॅन चालू असताना मीटरची एक वायर मोटरच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थिंग खराब. फॅन १० अँपिअर घेत असेल आणि गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.२ ओहम असेल, तरी २ व्होल्ट तिथेच वाया जातात. मग फॅन फिरतो, पण मरगळलेला. जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवा.

शेवटी दिशा पाहा. मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर फॅन उलटा फिरतो. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या बाजूला धरलेला कागद जाळीला चिकटला पाहिजे.

‘डायरेक्ट’ करणं हा इलाज नव्हे

दोष सापडला नाही की फॅनला डॅशबोर्डवर बटण दिलं जातं. मुक्कामी पोहोचण्यापुरतं ते ठीक. पण रात्री पेशंट घेऊन तालुक्याला निघालेला माणूस बटण दाबायला विसरला, किंवा गाडी दुसऱ्याच्या हाती गेली, की हेड गॅस्केट जळतं. काही रुपयांच्या फ्यूजचं काम मग इंजिन उघडण्यावर जातं आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते ती वेगळीच.

वाटेत काटा चढला तर

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा, इंजिनची उष्णता बाहेर पडते. काटा तरीही वर जात असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आत दाब असल्याने पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. किमान अर्धा तास थांबा. वरचा पाइप हाताला गार लागल्यावरच जाड फडकं धरून झाकण सावकाश उघडा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.