बाटलीतला दाब – ९ : हा काटा नव्हे, तो काटा

रेग्युलेटरच्या क्रीपचा विषय आज घ्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात. इंदापूरहून एक प्रश्न आला आहे आणि गाळपाच्या तोंडावर ट्रॉल्यांची कामं अंगावर असताना त्याला थांबवून ठेवणं बरं नाही.

उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका फॅब्रिकेटरची ही तक्रार. सकाळी शेड उघडली की सीओटूच्या बाटलीचा काटा ५० वर असतो. दुपारी, बाटलीला हात न लावताही, तो ७० वर चढतो. दोन दिवस वेल्डिंग चालतं, काटा खाली यायचं नाव घेत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बघता बघता गॅस संपतो आणि चॅसीच्या जोडावर भोकंच भोकं. रेग्युलेटर नवा आणला, तरी तेच.

तेच होणार होतं. जुना आणि नवा, दोन्ही रेग्युलेटर बरोबरच दाखवत होते.

ऑक्सिजनच्या काळ्या बाटलीचा हिशेब सरळ असतो, कारण तीत नुसता दाबलेला वायू असतो. भरलेली बाटली १५०, काटा ७५ वर आला की निम्मा गॅस गेला. गॅस कटिंगवर हात बसलेला माणूस हाच हिशेब सीओटूला लावतो आणि तिथे फसतो. सीओटूच्या बाटलीत खाली द्रव असतो, वर वायू. त्या वायूचा दाब तापमान ठरवतं: १५ अंशांना साधारण ५० बार, ३० अंशांना ७१. द्रव वीस किलो असो की दोन किलो, काटा तिथेच. वरचा वायू वापरला की द्रव उकळून ती जागा भरून काढतो. द्रवाचा शेवटचा थेंब संपल्यावरच काटा घसरायला लागतो. तेव्हा भरलेल्या बाटलीतला जेमतेम पाव गॅस उरलेला असतो.

या उकळण्याला आणि रेग्युलेटरमध्ये वायू फुगण्याला उष्णता लागते. म्हणून रेग्युलेटरवर पांढरा बर्फ धरतो. काही जण त्यावर टॉर्चची ज्योत फिरवतात. हे जिवावर बेतणारं आहे. हीटर लावावा, तो बंद पडला असेल तर आधी तो दुरुस्त करावा.

उन्हाळ्यात गणित आणखी बदलतं. ३१ अंशांच्या वर सीओटू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये हे जगापुढे मांडलं. बारामतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत बाटली सहज चाळिशी गाठते. तेव्हा भरलेली बाटली १०० बार दाखवते. काटा ८० वर येतो, माणूस म्हणतो पाचवा हिस्सा गेला. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त गॅस गेलेला असतो!

मग भरवसा कशावर ठेवायचा? वजनकाट्यावर. कारखान्याच्या काट्यावर उसाचा किलोन् किलो डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या या भागाला हे वेगळं सांगायला नको. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्या मानेजवळ ठोकलेलं असतं. रेग्युलेटर उतरवून बाटली काट्यावर ठेवायची आणि ते वजन वजा करायचं. एक किलो द्रवाचा सुमारे ५४० लिटर वायू होतो. मिनिटाला १५ लिटर धरले, तर किलोमागे ३६ मिनिटं. तीस किलोची बाटली म्हणजे अठरा तास, तेही ठिणगी चालू असतानाचे.

बारामतीतल्या एका शेडमध्ये रोज सकाळी बाटलीवर खडूने वजन लिहितात, कालचं पुसून आजचं. एका सकाळी तिथे ६१ लिहिलेलं होतं, मानेवरचा शिक्का ५२ चा. नऊ किलो, म्हणजे सव्वापाच तासांहून थोडं जास्त. भरलेली बाटली आदल्या संध्याकाळीच शेजारी आणून साखळीने बांधून ठेवलेली होती.