बाल्कनीतले गांडूळखत

पुण्यात उदय भवाळकरांनी गांडुळांचा प्रसार हाती घेतल्यानंतर गच्चीवर नि सोसायटीच्या कोपऱ्यात गांडूळखत करणारी घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. येथे जपानात मात्र भाजीची देठे 'मोएरु गोमी'च्या पिशवीत जातात आणि बहुतेक ठिकाणी जाळली जातात. निम्म्याहून अधिक पाणीच असलेला कचरा जाळायचा, हे आम्हाला काही पटत नाही.

गांडुळे भारतातून आणायचा विचार मनात आणू नये. माती आणायला तर येथे कायद्याने बंदीच आहे. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आमिष म्हणून मिळणारी 'शिमामिमिझु', म्हणजे पट्ट्यांची गांडुळे, याच कामाची. खोका थर्माकोलचा, मासळीचा. तळाला भोके, खाली ताट, आत भिजवून पिळलेले वर्तमानपत्र आणि ओंजळभर माती. अर्धा किलो गांडुळे रुळली की रोज पाव किलोपर्यंत कचरा संपवतात. सुरुवातीला मूठभरच द्यावा.

आपल्या स्वयंपाकघराचे पथ्य थोडे वेगळे. फोडणीचे, मिठाचे, तिखटाचे काहीही नको. कांदा-लसणाची साले नि हिवाळ्यातली मिकानची सालेही नकोत. चहाचा चोथा चालतो, पण आपला चहा दुधासाखरेत उकळलेला, म्हणून चोथा एकदा धुऊन घ्यावा. कचरा नेहमी कागदाखाली पुरावा, म्हणजे चिलटे होत नाहीत.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. तीस अंशांच्या वर गांडुळांचे हाल होतात, आणि तोक्योची ऑगस्टमधली बाल्कनी म्हणजे तवाच! एसीच्या बाहेरच्या यंत्रापासून खोका दूर, सावलीत, विटांवर ठेवावा. गोठवलेल्या पाण्याची बाटली कागदावर ठेवली तर दुपार निभते. फारच तापले तर सरळ घरात घ्यावा. नीट चाललेल्या खोक्याला पावसानंतरच्या मातीइतकाच वास येतो. आंबूस वास आला तर खाणे थांबवून कोरडा कागद घालावा.

मानशनची बाल्कनी आपल्या एकट्याची नसते. शेजारच्या घराकडची पातळ भिंत आणि जमिनीतले झाकण ही आगीच्या वेळी सुटकेची वाट, तिथे खोका ठेवू नये. शेजारच्या ओकुसानना आधी सांगून ठेवलेले बरे.

भारतात तीन आठवडे जाणार असाल तर कागदाचा जाड ओला थर घालून जावे, तेवढ्यावर ती तगतात. तीन-चार महिन्यांनी खत तयार होते. कुंडीतल्या मातीत पाचाला एक या प्रमाणात मिसळून मेथी नि कोथिंबीर पेरावी.