तीस, तीस, चाळीस

बँकेत मी आयुष्यभर व्याज आकारलं. गुणांचा हिशेब करायची वेळ आली ती निवृत्तीनंतर. २०२१ साली कोविडमुळे राज्यात बारावीची परीक्षा रद्द झाली आणि जुलैत सूत्र आलं. लेखी गुणांसाठी दहावीच्या उत्तम तीन विषयांच्या सरासरीला तीस टक्के, अकरावीला तीस, बारावीच्या वर्षातल्या चाचण्या-सराव परीक्षांना चाळीस. तोंडी-प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे.

पुतणी वही घेऊन आली. "काका, मांडा ना."

ऐंशी गुणांचा एक विषय घेतला. दहावी नव्वद टक्के, म्हणजे ७२. त्याचे तीस टक्के २१.६. अकरावी साठ टक्के, म्हणजे ४८, त्यातून १४.४. बारावी पंच्याहत्तर टक्के, म्हणजे ६०, त्यातून २४. बेरीज बरोब्बर साठ! हिशेब जुळला की मला आनंद होतो, जुनी खोड. मान वर केली तर पोरीच्या डोळ्यांत पाणी.

अकरावीत तिचे वडील आजारी होते. ही इस्पितळात डबे पोचवत होती. शिवाय अकरावी म्हणजे विसाव्याचं वर्ष, हे आपण मोठ्यांनीच नाही का सांगितलं? मागच्या तारखेपासून व्याजदर बदलला असता तर खातेदारांनी माझं टेबल उलटं केलं असतं. अर्थात त्या दिवसांत दुसरा मार्ग तरी कोणता होता?

३ ऑगस्टला निकाल लागला. राज्यात ९९.६३ टक्के उत्तीर्ण. ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "काका, शेवटचे तीन महिने मी रात्री जागून अभ्यास केला, तो कुठल्या रकान्यात?"

मी वही पुन्हा उघडली. तसा रकाना सूत्रात नव्हता.